मांडवातला चाकू

माझं लग्न चाकूशी लागलं. असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडं बघून गप्प बसतात. गप्प बसलेलंच बरं. अर्धं ऐकून दात काढणारी माणसं मला आयुष्यात कधी आवडली नाहीत.

आम्ही गिरासे, खानदेशातले राजपूत. आमच्यात खांड्याचं लगीन म्हणून एक रीत होती. खांडं म्हणजे तलवार. नवरदेव लढाईवर असला, नाहीतर चाकरीतून सुटू शकत नसला, तर त्याच्या जागी त्याची तलवार लग्नाला यायची. तिला पाटावर बसवायचं, फेटा बांधायचा, कुंकू लावायचं आणि नवरीनं ती हातात धरून अग्नीभोवती फिरायचं. झालं लग्न. नवरा मग सवडीनं घरी यायचा. अट एकच होती, की ते लोखंड नवऱ्यानं स्वतःच्या अंगावर वागवलेलं पाहिजे. दुकानातलं कोरं लोखंड चालत नसे.

जर्मनची लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. माझं नवलसिंगाशी ठरलं होतं. तो खांडबाऱ्याकडं रेल्वेच्या कामावर होता आणि घर अक्कलकुव्याच्या अलीकडं, डोंगर जिथं सुरू होतात तिथल्या एका गावात. घरात त्याची विधवा आई शांतीबाई, आणि दुसरं कोणी नाही. मी नवलसिंगाला पाहिलं नव्हतं, त्यानं मला पाहिलं नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. लग्न तोंडावर आलं तेव्हा शांतीबाईचा निरोप आला की पोराला रजा मिळत नाही, मुहूर्त मोडू नका, मी खांडं पाठवते.

त्यांच्या घरातली तलवार सासऱ्यांच्या काळातच सरकारजमा झालेली. तेव्हा काय येतंय याची आमच्या अंगणात सगळ्यांना उत्सुकता होती. त्यांचा गडी उखा गाडीतून उतरला, घोटभर पाणी प्यायला, मग त्यानं मुंडाशातून एक फडकं काढलं आणि आबांपुढं ठेवलं. आबा म्हणजे माझे वडील. फडक्यात घडीचा चाकू होता. लाकडी मुठीचा, जुना, पातं घासून घासून मध्ये बारीक झालेलं. कैरी कापायला बाजारात कुठंही मिळतो तसला.

आबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर पंगतीत त्यांच्या पानात शिळी भाकरी वाढली. उखासमोर ते काही बोलले नाहीत, पण तो गाडी घेऊन गेल्यावर त्यांनी अंगण डोक्यावर घेतलं. एवढ्या सोयऱ्यांपुढं हा विळ्याचा तुकडा पाटावर बसवायचा का, आपली पोर काय रस्त्यावर सापडली का, असं बरंच काही. माझी फुई वत्सलाबाई, आबांची बहीण, तिनं मला वाढवलं. ती म्हणाली, लोखंड ते लोखंड. आबा म्हणाले, लोखंड ते लोखंड तर मग चांगलं का नको? आणि दुसऱ्या दिवशी ते नंदुरबारला गेले.

कांतीलालशेठच्या दुकानात त्या काळी मीठमिरचीपासून मखमलीपर्यंत सगळं मिळायचं, पण चाकू मिळत नसे. शेठ जैन. जीव घेता येईल अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असा त्यांचा नेम, आणि नेमाला ते पक्के. त्यांनीच आबांना इद्रिसमियांकडं पाठवलं. इद्रिसमियांचं सगळं घराणं धारेच्या धंद्यात, कात्र्या, वस्तरे, अडकित्ते, चाकू. लढाईमुळं परदेशी माल येईनासा झालाय, असलेलाच दाखवतो, असं म्हणून त्यांनी स्वस्तातले दोन चाकू काढले आणि आबांना सांगितलं की दोन्ही घरी न्या, वागवून बघा, नको तो परत करा. वागवायचं कसं तेही सांगितलं. पातं उघडून दोन बोटांत धरून हलवायचं, हललं तर नको. मिटताना शेवटचं अंतर त्यानं स्वतःहून ओढून घेतलं पाहिजे. आणि दिवसभर कमरेला ठेवायचा, ज्याचा विसर पडतो तो चाकू चांगला. आबांनी हे सगळं घरी येऊन नाक मुरडत सांगितलं. चाकूचा विसर पडायला तो काय उधारी आहे, म्हणाले.

असे माझ्या लग्नाआधी घरात तीन चाकू झाले, आणि तिन्ही आले माझ्याकडं. मला हळद लागलेली. हळद लागलेल्या पोरीनं उंबऱ्याबाहेर जायचं नाही आणि बिनलोखंडाचं राहायचं नाही. एरवी एखादा अडकित्ता नाहीतर विळी उशाशी ठेवतात. फुई म्हणाली, एवढे चाकू पडलेत घरात, हेच ठेव. तिनं तिन्ही एका ताटात घालून माझ्या अंथरुणाजवळ सरकवले.

वैशाखातल्या दुपारी त्या. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा सावली सोडत नसे. दार अर्धं लोटलेलं, अंगाला हळदीचा वास, आणि करायला काही म्हणता काही नाही. जी पोर पहाटेपासून शेणपाण्यात राबते तिला असं नुसतं बसवलं की तिचं डोकं भलतीकडं जातं. माझंही गेलं. मी एक चाकू उघडायची, मिटायची, डोळे मिटून मुठीत धरायची, आणि बघता बघता चाकूमागून माणूस उभा राहायचा. लाजायचं काय त्यात? तिघांतला एक माझा नवरा होणार होता, आणि नवरा निवडायची संधी आमच्या घराण्यात कुठल्या पोरीला मिळाली होती?

पहिला पितळी मुठीचा. परदेशातून आलेला, हलका, मुठीवर हरिण कोरलेलं. दोन पाती, एक मोठं, एक नखाएवढं. लगेच उघडायचा, कुठं जायला उशीर झाल्यासारखा. दिसायला फार देखणा. त्याच्यामागून जो माणूस आला त्याचे केस चापून बसवलेले, अंगात कोट, बोलणं मऊ. तो माझ्याशेजारी बसला, माझ्याकडं बघून गोड हसला आणि मग माझ्या खांद्यावरून मागच्या आरशात बघत राहिला. मी पातं दोन बोटांत धरून हलवलं, तर ते डुगडुगलं. फुईनं दिलेली खारीक कापायला घेतली, तर धार एका खारकेत वळली. तो कमरेला खोचून मी झोपले, उठले तेव्हा कातडीवर हिरवट डाग पडला होता आणि बोटांना पितळेचा वास येत होता. मी त्याला ताटात ठेवलं. कोटवाला निघून गेला, जाताना त्यानं मागं वळूनही बघितलं नाही.

दुसरा शिंगाच्या मुठीचा. आपल्याकडच्याच लोहारानं घडवलेला, काळाभोर, पातं जाड, आणि आत पातं दाबून धरणारी कमान एवढी ताठ की उघडताना माझं नख मोडलं. उघडला की खाडकन आवाज व्हायचा. हा दोरखंड कापेल, बाभळीचं दातण तोडेल, कशालाच मागं सरणार नाही. आबांना तोच आवडला होता. त्याच्यामागून आलेला माणूस मिशीवाला, रुंद, घरात शिरला की सगळे उठून उभे राहणार. मी पण उठले की हो, स्वप्नात. तो म्हणाला पाणी, मी पाणी दिलं. तो म्हणाला जेवण, मी जेवण वाढलं. तिसरा शब्द काही त्याला येईना. सुपारी त्यानं कातरली नाही, चिरडली. आणि कमरेला ठेवला तर लुगडं एका बाजूनं ओढलं जायचं, मांडीला टोचायचा. त्याचा विसर पडेल अशी काही सोयच नव्हती. मी तो मिटला. मिटताना त्यानं माझं बोट धरलं आणि रक्त काढलं.

तिसरा मात्र तो, उखानं आणलेला.

तो उघडायला नख लागत नव्हतं, अंगठ्यानं नुसतं ढकललं की पातं बाहेर यायचं. सांध्यात तेलाचा काळा थर. कमान मऊ पडलेली, पण मिटताना शेवटचं अंतर तो हळूच स्वतःकडं घ्यायचा, झोपेतलं माणूस पांघरूण ओढतं तसा. मुठीला कैरीचा, तंबाखूचा आणि आणखी कसला तरी उन्हातल्या गवतासारखा वास. मुठीत एका बाजूला एक खळगा पडला होता, वर्षानुवर्षं अंगठा टेकून टेकून पडतो तसा. उजव्या हातात धरला तर तो खळगा भलत्या बाजूला जाई. डाव्या हातात धरला आणि माझा अंगठा त्यात बरोबर बसला. म्हणजे हा माणूस डावरा. आणि हात बारीक, माझ्याएवढाच. हे मी कुणाला सांगितलं नाही. आबांना कळलं असतं की जावई डावरा आहे, तर आणखी एक निमित्त मिळालं असतं.

हा माणूस लवकर समोर आलाच नाही. त्याची आधी सावली आली. तापीच्या वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे वेल पसरलेले, संध्याकाळ होत आलेली, आणि पुढं कुणीतरी चाललंय, डाव्या हातात चाकू. तो खाली बसतो, एक डांगर सोडवतो, कापतो आणि पहिली फोड स्वतः न खाता मागं धरतो. मागं कोण आहे हे न बघता. त्याला ठाऊक आहे की मी आहे. मी फोड घेते. एवढंच. रोज दुपारी एवढंच दिसायचं, आणि मला त्याचा कंटाळा येत नसे. चेहरा दिसायचा नाही, पण मला घाई नव्हती. चाकू कमरेला लावून मी घरभर फिरायची, आणि संध्याकाळी फुईनं विचारलं की तिसरा कुठाय, तर मी ताटात शोधायची. तो माझ्याच कमरेला असायचा. मला खरंच विसर पडायचा.

मी आबांना सांगितलं की मला हाच पाहिजे, जो त्यांनी पाठवलाय तो. आबांनी मान डोलावली आणि पाटावर बसवायला म्हणून तो माझ्याकडून मागून घेतला. बाप इतक्या लवकर मान डोलावतो तेव्हा पोरीनं सावध व्हावं.

लग्नाच्या दिवशी पाटावर तांबडं फडकं गुंडाळलेला नवरदेव बसला होता, त्याच्यावर फेटा, फेट्याला तुरा. शांतीबाई चार सोयरे घेऊन आली होती. विधवा म्हणून ती मांडवात न येता बायकांच्या मागं, खांबाला टेकून बसलेली. भटजींनी नवरदेव उचलून माझ्या हातात दिला, आणि मला हातातच कळलं. जड. थंड. अंगठा ठेवायला जागा नाही. फडक्यातून त्याची जाड कमान माझ्या तळव्याला टोचली.

भटजी म्हणाले, चल बेटी. मी चालले नाही. ते पुन्हा म्हणाले. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला, आणि मी बोलले. आमच्याकडं नवरी मांडवात खोकतसुद्धा नाही.

"हाऊ तो नही," मी म्हणाले.

काय हसले लोक! कुणी म्हणालं, नवरी नवरदेवाला तोंड न बघता ओळखते. कुणी म्हणालं, घ्या, आता नवऱ्याची शोधाशोध करा. आबा लालबुंद झाले. मुहूर्त टळत होता, आणि मी पाय रोवून उभी. शेवटी फुई उठली, आत गेली, खुंटीवरच्या आबांच्या अंगरख्यातून जुना चाकू घेऊन आली आणि तिनं फडकं बदललं. मी तो हातात घेतला, अंगठा खळग्यात ठेवला आणि अग्नीभोवती अशी फिरले की भटजींना मंत्र पुरेनात. मागं खांबाशी शांतीबाई तोंडाला पदर लावून रडत होती. बायका म्हणाल्या, सून चांगली मिळाली म्हणून रडतेय. मलाही तेच वाटलं, आणि मी मनातून फुगले.

सासरी आले ती कैऱ्यांच्या दिवसांतच. घरामागं आंब्याची झाडं, पलीकडं डोंगर, आणि अंगणात कैऱ्यांचे ढीग. सोलायच्या, काचऱ्या करायच्या, उन्हात घालायच्या. आमचूर म्हणून त्या अक्कलकुव्याच्या बाजारी जायच्या. शांतीबाई कमी बोलायची. पण मी भाकऱ्या करताना तिनं कधी बोट दाखवलं नाही, पाणी आणून आले की घागर उतरवायला स्वतः उठायची. दुपारी आम्ही दोघी झाडाखाली बसायचो, ती एखादं गाणं नाकातल्या नाकात म्हणायची आणि मला डुलकी लागायची. नवरा आज येईल, उद्या येईल. मला तरी कुठं घाई होती? त्याचा चाकू माझ्या कमरेला होता आणि डोळे मिटले की वाळूतली वाट होतीच.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. एवढी कामसू बाई, पण कैऱ्या कापायला बसली की हात चालत नसे. एक काचरी जाड, एक कागदासारखी. हातात नवा कोरा चाकू, तो सारखा निसटायचा. एका दुपारी तिचं बोट कापलं. मी म्हणाले, ठेवा तो, आणि माझ्या कमरेचा काढून तिच्यापुढं ठेवला. म्हणाले, नवऱ्याचा असला म्हणून काय झालं, चाकू कापायसाठीच असतो.

तिनं तो बराच वेळ उचलला नाही. मग उचलला. डाव्या हातानं. तिचा अंगठा मुठीवरून घसरला आणि खळग्यात जाऊन बसला, रात्री अंधारात पायाला आपल्या घराची पायरी सापडते तसा. आणि कैरीच्या काचऱ्या पडायला लागल्या, एकसारख्या, पातळ, भराभर. तिचं तिला भान नव्हतं. हात थांबला तेव्हा तिनं वर बघितलं आणि मी बघतेय हे तिला दिसलं.

मी विचारलं, तुम्ही डावऱ्या? इतके दिवस तर सगळं उजव्या हातानं करत होता. तिनं चाकू खाली ठेवला.

"चाकू मन्हा शे," ती म्हणाली. "त्यानी दिधाच नही."

मग तिनं सगळं सांगितलं. नवलसिंगानं खांडबाऱ्याकडं एका बाईशी घर केलं होतं. लग्नाचा निरोप घेऊन ती स्वतः त्याच्याकडं गेली होती. त्यानं सांगितलं होतं की मला लग्न करायचं नाही, मी अंगावरची चिंधीसुद्धा देणार नाही. परत येताना तिच्या मनात आलं की एकदा सून घरात आली की पोरगा आज ना उद्या येईल. तिनं कमरेचा चाकू सोडला आणि उखाच्या हाती दिला. उखालासुद्धा ठाऊक नव्हतं. आणि मी ओळखू नये म्हणून ती माझ्यासमोर डावा हात आवरून होती.

मला राग येतो तो असातसा येत नाही. मी कैऱ्यांची पाटी लाथाडली. तिला जे नाही ते बोलले, तिच्या पोराला बोलले, तिच्या सात पिढ्यांना बोलले. ती ऐकत होती. मी घरात गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले, आणि मग रडले. त्याची दुसरी बाई आहे याचं मला फारसं काही वाटलं नाही, देवाशपथ. वाळूतून पुढं चालणारा तो गेला, त्याचं वाटलं. नवरा मेला असता तर लोक तरी रडायला आले असते. माझा तर जन्मलाच नव्हता.

त्यानंतर आम्ही एका घरात दोन भुतांसारख्या राहिलो.  दुपारी झाडाखाली पडायची, डोळे मिटायची, आणि काही दिसायचं नाही. आणि एका दुपारी दिसलं. तीच वाळू, तेच वेल, तीच डाव्या हातातली फोड. यावेळी त्या माणसानं मागं वळून बघितलं, आणि ती शांतीबाई होती. मी दचकून उठले. समोर ती उन्हात काचऱ्या पालटत होती, पाठमोरी.

त्याच संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "मी पंचासले सांगसू," ती म्हणाली. "चाकू मन्हा व्हता म्हनीसन. तू मोकळी व्हई जाशी."

मला अर्थ कळायला वेळ लागला नाही. चाकू नवऱ्याचा नाही म्हणजे लग्नच नाही. मी कुवारी ठरेन, आबा मला परत नेतील, दुसरीकडं देतील. नाहीतर ज्या माणसानं मला कधी बघितलं नाही त्याच्या नावानं मी जन्मभर इथं बसणार. पण एका विधवेनं आपल्या कमरेचं लोखंड नवरदेव म्हणून मांडवात बसवलं, हे ऐकल्यावर भाऊबंद तिचं काय करतील हेही मला ठाऊक होतं. तिलाही होतं. मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. मी तेव्हा सतरा-अठराची, मला जगायचं होतं, खोटं कशाला बोलू?

पंच बसले ते आमच्याच अंगणाबाहेर, निंबाखाली. आबा गाडी घेऊन आले होते. शांतीबाई उभी राहिली, पदर सावरला आणि तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पोराची चूक सांगितली नाही, फक्त आपली सांगितली. मग जो गोंधळ उठला तो मी काय सांगू. आबा सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते, फसवणूक, फसवणूक. इद्रिसमियांच्या दुकानातला चाकू फडक्यात गुंडाळला तेव्हा ती काय होती, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण बाप म्हणून गिळलं.

निवाडा झाला. लग्न झालंच नाही, पोर कुवारी, बापानं घेऊन जावं. आणि शांतीबाईशी भाऊबंदांनी रोटीव्यवहार बंद करावा. तिच्या हातचं कुणी खायचं नाही, तिच्या ताटाला कुणी बसायचं नाही, जो बसेल तोही तिच्यासारखाच. हे ऐकताना ती माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट एखादं मोठं काम उरकलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतं तसं तिचं तोंड झालं होतं. तिनं आत जाऊन माझं गाठोडंसुद्धा बांधून आणलं आणि गाडीत ठेवलं. मग दारात जाऊन बसली.

"चाल, गाडीमा बठ," आबा म्हणाले.

मी चालायला लागले. गाडी डाव्या अंगाला होती, घर उजव्या. बैलांच्या शिंगांना अजून माझ्या लग्नातला रंग होता. आबांच्या डोळ्यात माझ्यासाठी दुसरं घर, दुसरा नवरा तयार झालेला मला दिसत होता, आणि तो वाईट असेल असंही नाही. मी गाडीपाशी गेले, चाकाला हात लावला. अंगण एवढं शांत झालं होतं की वाळत घातलेल्या काचऱ्या उन्हात तडतडत होत्या ते ऐकू येत होतं. मला वाटलं, ही बाई आता उद्यापासून कुणासाठी भाकरी करणार?

मी मागं वळले आणि तिच्या अंगावरून घरात गेले. सकाळपासून ती उपाशी होती, चुलीजवळ तिचं ताट झाकलेलं तसंच होतं. मी ते उचलून बाहेर आणलं, दारात तिच्यापुढं ठेवलं आणि खाली बसले. सगळे बघत होते. फुईसारखं कुणीतरी हात धरून मला उठवेल असं वाटलं, पण कुणाच्या लक्षातच येत नव्हतं मी काय करतेय ते. मी तिच्या ताटातली भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि खाल्ली.

आबा पुढं धावले आणि थांबले. मी दुसरा घास खाल्ला. मग तिसरा. आता मला घेऊन जायचं तर त्यांनाही भाऊबंद तोडावे लागले असते, आणि आबा तसे माणूस नव्हते हे मला चांगलं ठाऊक होतं.  मग त्यांनी माझं गाठोडं गाडीतून काढून जमिनीवर ठेवलं, फेकलं नाही, ठेवलं, आणि बैल वळवले. पंच एकेक करून उठले. निंबाखाली कुणी उरलं नाही.

शांतीबाई माझ्याकडं बघत तशीच बसली होती, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ती मला वेडी म्हणाली, खुळी म्हणाली, तुझ्या जिंदगीची माती केलीस म्हणाली. मी तिला बोलू दिलं. तिचं बोलून झाल्यावर ताट तिच्याकडं सरकवलं.

"माय, जेव," मी म्हणाले. "मी एकलीच कितलं खाऊ?"